रंगाआधी भिंती खरवडल्या ते दिवस

लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मी उजव्या खांद्यावर चुना घेऊन शाळेत जात होते. आमच्या घराचं पुढचं दार अरुंद, चपला तिथंच ठेवलेल्या. एका हातानं भिंतीला टेकून चप्पल घातली की पदरावर पांढरा पट्टा उमटायचा. मी चिकलठाण्याच्या पुढं एका खेड्यात प्राथमिक शाळेवर होते. फळ्याकडं वळले की मागून एखादी मुलगी हमखास म्हणायची, "बाई, तुम्हाला पांढरं लागलं."

घर शहराच्या पूर्वेला, नव्यानं उठलेल्या वसाहतीत. औरंगाबाद त्या बाजूला नुकतंच पसरू लागलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चार पावलांचं अंगण. ओळीनं चाळीसेक घरं होती, सगळी अगदी एकसारखी. नवा पाहुणा आला की आधी शेजारी जाऊन पाणी पिऊन यायचा. दर दिवाळीला माझे यजमान बादलीत चुना भिजवायचे, त्यात नीळ आणि डिंकाचं पाणी घालायचे आणि जुन्या चुन्यावरच नवा हात फिरवायचे. चार दिवस घर झळाळायचं. मग पुन्हा खांदा पांढरा.

त्या वर्षी पाऊस लई झाला. श्रावणात स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली आणि चुन्याचे पोपडे सुटू लागले. एक दिवस यजमान जेवत असताना बोटाएवढा पोपडा वरणात पडला. त्यांनी तो चमच्यानं काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिले. मी म्हणाले, "अहो, यंदा चुना नको. यंदा डिस्टेंपर लावू. आतून आणि बाहेरून, सगळं घर."

"लावू," ते म्हणाले.

ते एका कारखान्यात फिटर होते आणि घरी कमी बोलायचे. त्यांचं 'लावू' म्हणजे तयारीला मी लागायचं, एवढं मला कळायचं. मी दुसऱ्याच दिवशी तयारीला लागले. पाऊस थांबला की ओल दिसेनाशी होते, मग रंगवणारा म्हणतो भिंत चांगली आहे, आणि पुढच्या पावसात रंग फुगतो. हे मला कन्नडला माझ्या वडिलांच्या घरी बघून माहीत होतं. म्हणून चुलीतला कोळसा घेतला आणि जिथं जिथं ओल होती तिथं तिच्याभोवती गोल काढून ठेवले. खिडकीखाली एक, मोरीच्या वर दोन, बाहेरून उत्तरेच्या भिंतीला तीन. शेजारीण म्हणाली, "घराला गोवर आला का काय?"

घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. आम्ही दोघं, चार वर्षांची मुलगी, आणि त्याच ज्येष्ठात आलेले आबा, म्हणजे माझे सासरे.

आबांचं सगळं आयुष्य पिशोरच्या आसपासच्या माळांवर आणि घाटाखाली मेंढरांमागं गेलं होतं. सासूबाई गेल्या, तरी त्यांनी सात वर्षं एकट्यानं कळप सांभाळला. मग उजव्या गुडघ्यानं दगा दिला. मेंढरं विकली, आणि यजमान त्यांना कन्नडहून एसटीनं घेऊन आले. येताना त्यांच्याकडं एक घोंगडी, एक काठी आणि कापडात गुंडाळलेली लोकर कातरायची कातर एवढंच होतं. कातर का आणली, हे आम्ही विचारलं नाही.

त्यांना आमच्या घरात काय करावं ते कळत नव्हतं. सकाळी पायरीवर बसायचे, ऊन वर आलं की आत यायचे, उतरलं की पुन्हा पायरीवर. भिंतीला टेकत नसत, डोक्याच्या रुमालाला चुना लागतो म्हणून. कुणी जवळून गेलं की पाय आखडून घ्यायचे, आपण मधे येतो असं वाटल्यासारखे. मी विचारायचे, "आबा, करमतं का?"

"करमतं की. न करमायला काय झालं?"

आणि मग संध्याकाळपर्यंत दुसरं वाक्य नाही. जेवण तर चिमणीएवढं. दळणाच्या डब्यावरून मला ते कळायचं, कारण ते आल्यावर पीठ जास्त लागेल असा माझा अंदाज होता आणि डबा तेवढेच दिवस पुरत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रंगारी आले. जुन्या शहरातले, साठीच्या घरातले, दाढी मेंदीनं लाल केलेली. शाळेतल्या एका बाईंनी त्यांचं नाव सुचवलं होतं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस अॅक्शननंतरच्या वर्षी पहिल्यांदा कुंचला धरला आणि तो अजून सोडला नाही, असं त्यांनीच चहा घेताना सांगितलं. मी त्यांना चाचा म्हणू लागले.

चाचांनी रंगाचं नावच काढलं नाही. आधी सगळं घर फिरून बोटाच्या पेरानं भिंती वाजवल्या. एखाद्या ठिकाणी पोकळ आवाज आला की तिथं हात ठेवून थांबायचे. माझे कोळशाचे गोल बघून त्यांनी मान हलवली.

"ये किसने किया?"

"मी."

"बहोत अच्छा किया बेटी. लोग मेरेकू भिंत वाळल्यावर बोलवतात, मग मी काय बघणार?"

मग त्यांनी खिशातून पत्र्याची एक पातळ पत्ती काढली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकदा ओढली. चुन्याची जाड साल निघाली. तिच्या कडेला सहा थर मोजता येत होते, एखाद्या वर्षी नीळ जास्त झालेली, एखाद्या वर्षी कमी.

"हे सगळं काढायला लागतं. खाली सिमेंट दिसंपर्यंत. चुन्यावर डिस्टेंपर टिकत नाही. वर्षात खपली धरून खाली येईल."

"मग काढा," यजमान म्हणाले.

चाचा हसले. दिवाळी तोंडावर, हातात पाच घरं, जोडीला एकच माणूस. खरवडायला आठ-दहा दिवस लागतात, तेवढे त्यांच्याकडं नव्हते. "खरवडणं तुम्ही करा. पत्ती मी देतो, पॉलिश पेपर देतो. भिंत साफ झाली की मी येतो. खड्ड्यांत लांबी भरतो, प्रायमर मारतो, रंग लावतो. नाहीतर दिवाळीनंतर बघू."

यजमानांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "करू आम्ही."

त्या रविवारी आम्ही मुलीला माझ्या आईकडं कन्नडला पोचवून आलो, कारण चुन्याच्या धुळीनं तिला लगेच खोकला व्हायचा. आल्यावर पुढच्या खोलीतलं सामान मधोमध ओढलं आणि त्यावर जुन्या चादरी टाकल्या. भांडी पोत्यात बांधून गच्चीवर ठेवली. देव एका परातीत घेऊन मागच्या खोलीतल्या कोनाड्यात मांडले. भिंतीवरची खुंटी, कॅलेंडर, आरसा, सासूबाईंचा फोटो सगळं उतरवलं, तेव्हा घर एकदम अनोळखी दिसू लागलं. बोललं की आवाज घुमायचा.

यजमानांनी बाह्या सरसावल्या. कारखान्यात लोखंडाशी झटणारा माणूस. त्यांनी पत्ती उभी धरली आणि भिंतीवर तुटून पडले. अर्ध्या तासात भिंतीत सात-आठ खड्डे. गिलावा निघून आतली वीट दिसायला लागली. आबा दारात उभे राहून बघत होते. मग एकदम म्हणाले,

"आरं, आशानं कातडं निघंल की."

यजमान थांबले. "काय?"

"पत्ती आडवी धर. लोळव तिला. उभी धरली की आत घुसती." ते पुढं आले आणि लेकाच्या हातातून पत्ती घेतली. डावा पंजा भिंतीवर सपाट टेकवला, मेंढराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि उजव्या हातानं पत्ती जवळजवळ भिंतीला निजवून पुढं सरकवली. सर्रकन आवाज झाला. हातभर लांब पापुद्रा सुटून खाली पडला. मागं सिमेंट जसंच्या तसं, एक ओरखडा नाही.

"हे कधी शिकलात?" मी विचारलं.

"शिकायचं काय त्याच्यात? लोकर काढायची आन् कातडीला लागू द्यायचं नाय. येवढंच हाये."

त्यांनी ती पत्ती परत दिली नाही.

मी रोज सकाळी शाळेत जायचे, यजमान कामावर. दुपारी परत येऊन बघावं तर एक भिंत उघडी झालेली. आबा भिंतीच्या मधल्या भागाचं उभ्यानं करायचे, खालच्या भागाचं पोत्यावर बसून. वरच्या भागाला चाचांची लाकडी घोडी होती, पण गुडघ्यामुळं त्यांनी तिच्यावर चढू नये असं आमचं ठरलं होतं. वरचं यजमान आल्यावर करायचे, पत्ती आडवी धरून, आणि खालून आबा बघत असायचे. "हां. आता जमलं," असं एखादं वाक्य वर जायचं. बाप-लेकांचं इतकं बोलणं मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते.

आबांच्या भुवया, मिश्या, कानांची पाळी सगळं पांढरं व्हायचं. मी त्यांना तोंडावर बांधायला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. जेवायला बसताना ती सोडून नीट घडी करून खिशात ठेवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी भाकरी मागून घेतली. चौथ्या दिवशी म्हणाले, "ठेचा हाये का?" मी ठेचा वाढला आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. चुन्याची धूळही होतीच.

हात चालू असला की त्यांची जीभही सुटायची. मी शाळेतून आल्यावर पॉलिश पेपर घेऊन त्यांच्या मागून भिंत घासायचे, आणि ते भिंतीशी बोलल्यासारखे माझ्याशी बोलायचे. कुठल्या माळावर कुठलं गवत, खुलताबादच्या डोंगरावर पाणी कुठं सापडतं, मेंढरू आजारी पडलं की आधी कान कसे पाडतं. एकदा बोलता बोलता म्हणाले,

"मेंढरं इकली त्या दिशी मी मोजून दिली. घेणारा म्हणला, मोजू नका, भरवसा हाये. तरी मोजली. तेवढाच येळ हात लागला."

मी पेपर घासत राहिले. त्यांनी पत्ती पुन्हा भिंतीला लावली.

नऊ दिवसांत घर आतून मोकळं झालं. बाहेरच्या भिंतींनाही चुनाच होता, तोही आबांनी आणि यजमानांनी काढला. सगळं घर राखाडी झालं. चाचा बघायला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरून तळवा फिरवला. कोपऱ्यात फिरवला, खिडकीच्या चौकटीजवळ फिरवला.

"आबा, तुम किधर काम करते थे?" त्यांनी विचारलं. चाचाही त्यांना आबाच म्हणू लागले होते.

"मेंढरात."

चाचांना वाटलं आबा थट्टा करतात. मी सांगितल्यावर ते पायरीवर आबांच्या शेजारी बसले आणि त्यांनी बिडीचं बंडल पुढं केलं. दोघांचा बराच वेळ काय संवाद चालला होता ते मला आतून कळलं नाही. एक पिशोरची मराठी बोलत होता, दुसरा जुन्या शहरातलं हिंदी, आणि दोघं एकमेकांना "व्हय" आणि "हौ" म्हणत होते.

रंग ठरवायला मात्र वेळ लागला. चाचांनी छोट्या छोट्या चौकोनांचं कार्ड आणलं. मला आत पिस्ता हवा होता, यजमानांना क्रीम. बाहेर सिमेंट पेंट, त्यात मला बदामी आणि त्यांना काहीही. आबांना विचारलं तर त्यांनी कार्ड हातभर लांब धरलं, मग जवळ धरलं. "हे सगळे येकच हायेत की," म्हणाले. ज्या माणसाकडं मेंढरांच्या काळ्या रंगालाच पाच-सहा नावं होती त्याला पिस्ता आणि मोतिया यात फरक दिसेना. शेवटी पिस्ता आणि बदामी ठरलं, कारण मी हट्ट सोडला नाही.

आणि इथं एक गोष्ट घडली.

चाचांचं म्हणणं, आधी बाहेरचं करू. बांबू आणि जोडीदार दोन्ही त्या आठवड्यात मोकळे होते. सिमेंट पेंट लावण्याआधी भिंत भिजवावी लागते, लावल्यावर दुसऱ्या दिवशीपासून पाणी मारावं लागतं. त्यासाठी यजमानांनी चार दिवसांची रजा टाकली होती. आमच्याकडं नळ दिवसाआड यायचा, म्हणून मी दोन टाक्या भरून ठेवल्या होत्या. सगळं जुळून आलं होतं. फक्त ताज्या सिमेंट पेंटवर जोराचा पाऊस पडला की ओघळ उतरतात, ते मग पुसता येत नाहीत. म्हणून चाचांनी सहज विचारलं,

"आबा, तुम माळावर राहिलेले. पाऊस गेला का?"

आबा उठले. अंगणात जाऊन उभे राहिले. तोंड वर करून, डोळे बारीक करून त्यांनी पश्चिमेकडं बराच वेळ पाहिलं. मग नाकानं हवा ओढली.

"नाय गेला. आजून येक हाये. चार दिस थांबा."

त्यांचा आवाज इतका ठाम होता की कुणी दुसरं काही म्हटलं नाही. यजमानांच्या चेहऱ्यावर मला रजेचा हिशोब दिसत होता. चाचांनी बांबू दुसऱ्या घरी पाठवले आणि आमचं आतलं काम सुरू केलं. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून लांबी केली आणि यजमानांनी पाडलेले खड्डे आधी भरले.

पहिल्या दिवशी ऊन. दुसऱ्या दिवशी ऊन. तिसऱ्या दिवशी दुपारी एक ढग आला, आबा काठी घेऊन अंगणात गेले, ढग निघून गेला. चौथ्या दिवशी इतकं कडक ऊन पडलं की टाकीचं पाणी हात पोळेल असं तापलं. पाचव्या दिवशी रजा संपून यजमान कामावर गेले. पाऊस आला नाही. तो पुढंही आला नाही, त्या वर्षी पडायचा तेवढा पडून गेला होता.

आतला रंग दिवाळीच्या आदल्या दिवशी पुरा झाला. आतून घर नव्या डब्यासारखं लखलखत होतं. बांबू अजून दुसऱ्या घरी अडकलेले, म्हणून बाहेरून मात्र राखाडी, ठिकठिकाणी लांबीचे पांढरे ठिपके. ओळीतली सगळी घरं चुन्यानं उजळलेली, दारांवर झेंडू, आणि मधे आमचं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी पणत्या लावल्या तर त्या उजेडात भिंतीचे डाग आणखी उठून दिसले. शेजाऱ्यांनी जाता जाता विचारलं, "काय हो, यंदा घराला नुसतं नागडंच ठेवलं?"

ते हसत पुढं गेले. यजमानांना ते लागलं. ते दारातच उभे होते, आबा पायरीवर. यजमान म्हणाले,

"आबा, तुमचं आभाळ पिशोरलाच राहिलं."

आवाज मोठा नव्हता. आबांनी वर पाहिलं नाही. काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली, पायानं ती पुसली, आणि उठून आत गेले.

जेवायला बोलवायला मी गेले, तर ते मागच्या खोलीत घोंगडीवर भिंतीकडं तोंड करून बसले होते. भिंत पिस्ता रंगाची, अगदी गुळगुळीत.

"आबा, चला. पुरणपोळी आहे."

"भूक नाय, बाय."

मी शेजारी बसले. तेव्हा ते म्हणाले,

"इथं मला कळत नाय. वारं येतं ते येका घराला धडकतं, मंग दुसऱ्या घराला, मंग माझ्याकडं. कुठून निघालं त्येला बी सांगता याचं नाय. माळावर म्या चुकलो नसतो."

"चुकलं तर चुकलं. रंग काय, पुढच्या आठवड्यात लागेल."

"रंगाचं नाय," ते म्हणाले.

ते कशाचं ते मला समजत होतं. पण सुनेनं सासऱ्याला काय म्हणून समजवायचं? मी ताट तिथंच आणून ठेवलं. त्यांनी अर्धी पोळी खाल्ली, माझ्या समाधानासाठी. यजमान बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसले होते आणि रेडिओवर काय चाललंय याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. बोलून बसल्याचं त्यांना वाईट वाटत होतं, पण बापाजवळ जाऊन तसं म्हणायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा पायरीवर आले नाहीत.

तो पाडव्याचा दिवस, आणि मी चाचांना फराळाला बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "आबा किधर हैं?" मी स्वयंपाकघरातच त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ताट उचललं आणि ते सरळ मागच्या खोलीत गेले. मी चहा घेऊन पाठोपाठ गेले.

"आबा," चाचा चिवडा खात म्हणाले, "मी एकदा घर चुकलो."

आबा बघत राहिले.

"ह्याच तुमच्या वसाहतीत. नवीन नवीन होती. सगळे घर एकसारखे. एका साहेबानं बोलवलं, बोलले कामावर जातो, संध्याकाळपर्यंत पुढची भिंत करून ठेवा. मी सामान आणायला गेलो, परत आलो, कुंचला घेतला आणि कामाला लागलो. आतून एक बाई आली, मेरेकू चाय दिली. मी पिली. दुपारी पुन्हा चाय. मी म्हणलं, साहेबाची बायको लई चांगली आहे. संध्याकाळी साहेब आले. उभे राहून बघतात. बोलले, चाचा, ये किसका घर रंग दिया?"

आबांच्या मिशीत काहीतरी हललं.

"शेजारचं घर! पुरी भिंत! आणि निळा रंग, आबा. ती बाई बोलली, मला वाटलं आमच्या ह्यांनी पाठवलं."

आबा हसले. आधी नाकातून, मग तोंड उघडून. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, ते मला त्या दिवशी नीट दिसले. खांदे हलेपर्यंत हसले, आणि मग खोकला आला म्हणून थांबले. बाहेरच्या खोलीतून यजमान दाराशी येऊन उभे राहिले होते.

"मंग केलं काय?" आबांनी विचारलं.

"काय करणार? साहेबाची भिंत दुसऱ्या दिवशी केली. ती निळी तशीच राहिली. तिच्या नवऱ्याला आवडली."

भाऊबीज झाल्यावर मुलगी कन्नडहून परत आली आणि चाचा बांबू घेऊन आले. सकाळची वेळ. त्यांनी विचारलं, "आबा, लावू का आज?"

"मला नको इचारू, मिस्त्री. मला काय कळतंय?"

चाचा काही बोलायच्या आत यजमान म्हणाले, "तुम्हीच सांगा, आबा. तुम्ही म्हणाल तेव्हा सुरू करू."

ते आबांकडं न बघताच बोलले होते, हातातल्या दोरीची गाठ सोडवत. आबांनी आभाळाकडं पाहिलंच नाही. उत्तरेच्या भिंतीजवळ गेले, तळवा टेकवला, थोडं सरकून पुन्हा टेकवला, खाली वाकून पायथ्याशी टेकवला.

"भित कोरडी हाये," ते म्हणाले. "लावा."

यजमानांनी बादली उचलली. बाहेरचं काम दोन दिवसांत झालं आणि त्यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आबांनी भिंतींना पाणी मारलं. दिवसाआडच्या नळाचं पाणी ते मोजून वापरायचे आणि मला एक तांब्याही जास्त मागायचे नाहीत. बदामी रंग सुकल्यावर कार्डावर होता त्याहून जरा फिकट आला, पण मला तो आवडला.

खरं तर इथं संपायला हवं होतं, पण महिन्याभरानं चाचा पुन्हा आले. जुन्या शहरात एक मोठं घर मिळालं होतं, त्याच्या भिंतींवर चुन्याचे पंधरा-वीस थर होते आणि नीट खरवडणारा माणूस मिळत नव्हता. त्यांनी आबांना विचारलं, येता का.

यजमान लगेच म्हणाले, "नको. लोक काय म्हणतील? पोरगा कारखान्यात, सून मास्तरीण, आणि म्हातारा लोकांच्या भिंती खरवडतो."

मी एरवी अशा वेळी गप्प बसत असे. त्या दिवशी म्हणाले, "लोक आबांना विचारून जेवतात का? त्यांना जायचं असेल तर जाऊ द्या."

सगळे आबांकडं बघू लागले. त्यांनी चाचांना विचारलं, "घोडीवर चढावं लागंल का?"

"नक्को. वरचं दुसरा करेल."

"मंग येतो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दोन भाकरी आणि ठेचा बांधून दिला. चाचा सायकलवर न बसता, ती हातात धरून, त्यांच्या बरोबरीनं बस थांब्यापर्यंत चालत गेले. मी शाळेतून आले तर घर रिकामं होतं. आबा घरी नाहीत असं ज्येष्ठापासून पहिल्यांदाच झालं होतं. दिवेलागणीला ते आले, भुवयांपर्यंत पांढरे. मुलीनं त्यांना ओळखायला जरा वेळ लावला. त्यांनी हातपाय धुतले, पाटावर बसले आणि मी वाढत असताना स्वतःहून सांगायला लागले.

"लई जुनं घर हाये, बाय. भित हातभर जाड. म्या चुना काढला तर आत हिरवा रंग निघाला. त्याच्या आत लाल. घरवाली म्हातारी आली, म्हणली, हा लाल माझ्या लग्नातला हाये, हा काढू नका. मिस्त्री म्हणतो काढावाच लागंल. दोघांचं लई भांडण झालं."

"मग?"

"मंग काय? म्या तेवढी भित सोडून दिली आन् दुसरी धरली. उद्या बघू म्हणलं, कोण जिंकतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "कालवण वाढ थोडं."